ट्रिगर आणि कोळंबी, एकाच पाण्यात

ट्रिगरफिश आणि कोळंबी एकाच टँकमध्ये आहेत असं सांगितलं, की समुद्री मासे पाळणाऱ्या कुणाच्याही कपाळावर आठी पडते. ती उगाच पडत नाही. ट्रिगरच्या कुळात चाळीसेक जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींचा जबडा कवच फोडण्यासाठीच घडलेला आहे. खेकडे, शिंपले, काटेरी अर्चिन, कोळंबी हे त्यांचं रोजचं जेवण. कॅरिबियन समुद्रातला क्वीन ट्रिगर तर लांब काट्यांच्या अर्चिनवर तोंडाने पाण्याचा झोत मारतो, त्याला उलथं पाडतो आणि मऊ पोटाकडून खातो. इतकी अक्कल आणि इतके दात असलेल्या माशाशेजारी बोटाएवढी कोळंबी ठेवायची, हे ऐकणाऱ्याला पटत नाही.

तरीही न्यू जर्सीत एडिसनच्या आमच्या घरात, सहा फुटी, १८० गॅलनच्या (म्हणजे साधारण ६८० लिटरच्या) टँकमध्ये ब्लूजॉ ट्रिगरची जोडी आणि क्लीनर कोळंब्या कित्येक वर्षं एकत्र नांदत आहेत. ओळखीच्या मराठी घरांमध्ये आता टँक वाढू लागलेत, आणि हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं मत स्पष्ट आहे. हे जमतं, पण मोजक्याच जातींच्या बाबतीत. आणि जमवण्याचं काम मासा घरी आणण्याआधी सुरू होतं. मासा एकदा पाण्यात उतरला की आपल्या हातात फार थोडं उरतं.

१. आधी तोंड बघा

दुकानात सगळे ट्रिगर ओळीने ठेवलेले असतात आणि रंगाला भुलायला वेळ लागत नाही. क्लाउन ट्रिगर तर काळ्या पोटावर टपोरे पांढरे ठिपके आणि पिवळे ओठ घेऊन काचेला नाक लावून उभा असतो. मी सांगते, रंग सोडा, तोंड बघा. ते कुठे बसवलंय आणि कुठल्या दिशेला वळलंय, यावरून त्या माशाच्या पिढ्यान् पिढ्यांनी पोट कशावर भरलं ते कळतं.

पिकासो ट्रिगरचा चेहरा लांबट, आणि त्याच्या टोकाला छोटं तोंड. हा उथळ लगूनमधल्या वाळूत आणि मोडक्या प्रवाळांच्या चुऱ्यात हुडकत फिरणारा मासा. दगड उलथायचा, खाली काय आहे ते बघायचं, हेच त्याचं काम. याचा एक जवळचा भाऊबंद हवाईचा राज्यमासा आहे. हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ हे त्याचं नाव तिथली शाळकरी पोरं एका दमात म्हणून दाखवतात. दोघेही देखणे, दोघेही हुशार, आणि कोळंबीच्या टँकमध्ये दोघांनाही जागा नाही. क्लाउन, अनड्युलेटेड, क्वीन, टायटन यांच्याबद्दल तर चर्चाच नको. टायटन पाऊण मीटरपर्यंत वाढतो आणि अंड्यांच्या राखणीला बसलेला असला की पाणबुड्यांनाही चावे घेतो.

आता झँथिक्थिस या वंशातले मासे बघा. ब्लूजॉ आणि क्रॉसहॅच हे त्यांतले दोन ओळखीचे. यांचं तोंड वरच्या अंगाला वळलेलं असतं आणि गालावर आडव्या बारीक खाचा असतात. प्रवाळ जिथे संपतात त्या बाहेरच्या उतारावर, मोकळ्या पाण्यात, प्रवाहाकडे तोंड करून हे उभे राहतात आणि वाहत येणारं प्लवक टिपतात. तळाशी जाऊन उकरणं हा यांचा धंदा नाही. ब्लूजॉ पूर्व आफ्रिकेपासून हवाईपर्यंत सापडतो. नराचा गळा गर्द निळा असतो आणि शेपटीला व परांना सोनेरी-पिवळी किनार असते. मादी करड्या अंगाची, साधी. दुकानदार मादीला कमी भाव देतात. माझ्या मते टँकमध्ये तीच जास्त शहाणी निघते.

हे मासे पूर्वी मोठ्या संख्येने हवाईतून येत. २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास झाल्याशिवाय बारीक जाळ्याने शोभेचे मासे धरण्याचे परवाने देता येणार नाहीत, असा निकाल दिला. त्यानंतर तिथला माल आटत गेला आणि भाव चढले. त्यामुळे ब्लूजॉऐवजी स्वस्तातला पिकासो गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. स्वस्ताईसाठी जात बदलू नका. थांबावं लागलं तर थांबा.

ब्लूजॉ म्हणजे हमी, असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. तोसुद्धा ट्रिगरच आहे. त्याच्या तोंडातही दात आहेत. फक्त कोळंबी बघितल्याबरोबर ती जेवण म्हणून त्याच्या नजरेत भरत नाही. पुढचे सगळे बोल ती नजर तशीच ठेवण्यासाठी आहेत.

२. लहानपणी सगळेच गुणी असतात

आमच्या ओळखीतल्या एका घरी नायजर ट्रिगर होता. निळसर जांभळा, चंद्रकोरीसारखी शेपूट आणि लालसर दात. आणला तेव्हा तीनेक इंचांचा. क्लीनर कोळंबी त्याच्या अंगावर चढायची, कल्ल्यांपाशी हात घालायची, तो निमूट उभा राहायचा. घरातले सगळे सांगायचे, बघा, आमच्याकडे किती छान चाललंय. पुढे मासा वाढला. पाऊण फुटाच्या पुढे गेला तशी त्याची चाल बदलली. खडकाच्या कपारींत डोकावू लागला, गोगलगायी उचलून आपटू लागला, आणि एका सकाळी दोन्ही कोळंब्या नव्हत्या.

नायजर मुळात वाईट नाही. निसर्गात तो मोठमोठ्या थव्यांनी राहतो, प्लवक खातो, स्पंजही खातो. पण शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर तो अर्ध्या मीटरपर्यंत जाऊ शकतो. एवढ्या मोठ्या माशाला कोळंबी म्हणजे एक घास. हा मासा आपल्या अरबी समुद्रातलाही रहिवासी आहे, हे गावाकडच्यांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार त्याला कारगिल म्हणतात. जाळ्यात तो भरमसाट येतो आणि त्यातला पुष्कळसा फिशमीलच्या कारखान्यांकडे जातो.

म्हणून कुणी मला ‘सहा महिने झाले, काही त्रास नाही’ असं सांगितलं की मी विचारते, मासा पूर्ण वाढलाय का? ट्रिगरचा स्वभाव बाळपणी नीट कळत नाही. पूर्ण वाढीनंतर तो किती मोठा होणार आणि काय खाणार, यावरच निर्णय घ्यावा.

३. कोळंबी आधी, ट्रिगर शेवटी

टँकमध्ये जो आधी येतो त्याचं घर होतं. कोळंब्या आधी आणा, चांगल्या मोठ्या आणा, एखादा महिना त्यांना एकट्यांना राहू द्या. त्या आपली कपार ठरवतात, स्वच्छतेचं दुकान थाटतात, इतर मासे तिथे यायला लागतात. मग ट्रिगर आणा, शक्यतो लहान, आणि तोही सगळ्या माशांच्या शेवटी. नवीन मासा आला की त्याला कोळंबी म्हणजे या घरातली एक जुनी गोष्ट वाटते. उलट क्रमाने केलं, तर आधीपासून राहणाऱ्या ट्रिगरसमोर एक नवीन, हलणारी, चमकणारी वस्तू पडते. आणि ट्रिगर नवीन वस्तू तोंडानेच तपासतो.

ट्रिगर आणल्यावर मी त्याला लगेच मोकळा सोडत नाही. भोकं असलेली एक पारदर्शक पेटी टँकच्या आत लटकवते आणि काही दिवस त्याला त्यात ठेवते. तो खायला शिकतो, घर ओळखतो. मला मात्र दुसरंच बघायचं असतं. कोळंबी जवळून गेली की तो अंग तिरकं करून तिच्यावर एक डोळा रोखतो का? ट्रिगरचे दोन्ही डोळे वेगवेगळे फिरतात, त्यामुळे तो कशाकडे बघतोय हे ओळखणं अगदी सोपं आहे. एकदा बघून तोंड वळवलं तर ठीक. पेटीच्या भिंतीला धरून तिच्या मागेमागे फिरू लागला, तर तो मासा परत करावा. दुकानदाराशी आधीच तसं बोलून ठेवावं.

४. कोळंबी वरून सोडू नका

सगळी काळजी घेतली तरी कधीतरी जुनी कोळंबी म्हातारी होऊन जाते आणि ट्रिगर असलेल्या टँकमध्ये नवीन आणावी लागते. घात होतो तो इथे. लोक पिशवी उघडतात आणि कोळंबी वरून पाण्यात सोडतात. ती पाय झाडत, हळूहळू, मधल्या पाण्यातून खाली उतरते. आता ब्लूजॉ कसा जेवतो ते आठवा. मधल्या पाण्यात तरंगत येणारी, हलणारी, कवचाची छोटी वस्तू टिपणं हेच त्याचं आयुष्य आहे. त्याच कोळंबीकडे खडकावर बसलेली असताना त्याने ढुंकूनही बघितलं नसतं.

आमच्याकडची पद्धत अशी. संध्याकाळी माशांना पोटभर खायला घालायचं. दिवे मंदावले आणि ट्रिगर आपापल्या बिळात शिरले, की टँकच्या पाण्यानेच भरलेल्या छोट्या डब्यात कोळंबी घ्यायची, हात पाण्याखाली नेऊन डबा खडकाच्या कपारीला टेकवायचा आणि ती स्वतः चालत आत जाईपर्यंत हलायचं नाही. खांदा भरून येतो, पण थांबायचं. सकाळी उजाडेपर्यंत तिने जागा शोधलेली असते.

त्याच्याही आधी पाण्याची गाठ घालून द्यावी लागते. पुष्कळ दुकानं मीठ वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला माशांच्या टँकमधली क्षारता कमी ठेवतात. हायड्रोमीटरवर १.०२० च्या आसपास. आपल्या प्रवाळांच्या टँकमध्ये ती १.०२५ ते १.०२६ असते. माशाला हा फरक बराच सोसतो, कोळंबीला सोसत नाही. बारीक नळीला गाठ मारून थेंब थेंब पाणी तिच्या भांड्यात पडू द्यावं. तास-दोन तास सहज जातात, आणि ते द्यावेत. ‘ट्रिगरने मारली’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या दिवशीच्या कित्येक कोळंब्या या घाईने गेलेल्या असतात, असं माझं ठाम मत आहे.

५. कात टाकायची रात्र सांभाळा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे लक्षात ठेवा. कोळंबीचा सांगाडा अंगाबाहेर असतो आणि तो वाढत नाही. वाढायचं तर जुना टाकून द्यावा लागतो. २५-२६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात क्लीनर कोळंबी साधारण दोन-तीन आठवड्यांनी कात टाकते. त्यानंतर दिवसभर तरी नवं कवच मऊ असतं. तिला पळता येत नाही, झटका मारता येत नाही, आणि मऊ अंगाची कोळंबी हा कुठल्याही माशाला जड न जाणारा घास आहे. ट्रिगर असो की रॅस मासा असो, वर्षभर सोबत राहिलेली कोळंबी जाते ती याच वेळी.

हे होताना मी लाल दिव्याची विजेरी घेऊन पाहिलेलं आहे. मध्यरात्र उलटलेली असते. कोळंबी कपारीच्या छताला उलटी टेकलेली. आधी बराच वेळ ती नुसती आचके देते. मग डोक्याचं कवच आणि शेपटीचा भाग जिथे जुळतात तिथे पाठीवर फट पडते. त्या फटीतून ती मागच्या मागे अंग काढून घेते. पाय, नांग्या, डोळ्यांवरची पारदर्शक टोपणं, आणि त्या लांबच लांब पांढऱ्या मिशासुद्धा म्यानातून काढल्यासारख्या सरकन बाहेर येतात. एका झटक्यात सगळं संपतं. खाली अख्खी कोळंबी पडलेली दिसते, मिशीसकट, आणि वर तीच कोळंबी, पण रंग इतका गडद आणि ताजा की डोळे भरून बघावं.

सकाळी ती रिकामी कात बघून मेली मेली म्हणून फोन येतात. आधी ती हातात घ्यावी. पोकळ आणि हलकी असेल तर कोळंबी जिवंत आहे आणि लपलेली आहे. तिला शोधायला दगड हलवू नका. मी कात सकाळी दिवे लागायच्या आधी काढून घेते, कारण प्रवाहात तरंगू लागली की ट्रिगर ती पकडतो, चावतो आणि थुंकतो. कोळंबीच्या कवचाची गाठ त्याच्या दातांशी पडूच नये, असं मला वाटतं. त्याच कारणासाठी आख्खी, सालीसकट कोळंबी मी ट्रिगरला कधीच खायला घालत नाही. पुष्कळजण दात झिजावेत म्हणून घालतात, आणि ट्रिगरचे दात आयुष्यभर वाढतात हे खरंही आहे. पण त्यासाठी शिंपला देता येतो.

कात कधी पडणार याचा अंदाजही बांधता येतो. जोडी असली तर दोघींच्याही पोटाखाली हिरवट अंडी दिसतात, कारण या कोळंब्या आधी नर असतात आणि पुढे एकाच वेळी नर आणि मादी दोन्ही होतात. अंड्यांचा रंग उडून त्यात डोळ्यांचे चमकते ठिपके दिसू लागले, की रात्री पिल्लं सुटणार आणि त्यापाठोपाठ कात पडणार. कात पडल्यावरच जोडीदाराशी मीलन होतं आणि नवी अंडी धरतात. मी त्या सुमारास ट्रिगरचं जेवण वाढवते आणि टँकमध्ये हात घालणं बंद ठेवते.

त्या रात्री सुटलेली पिल्लं पाण्यात धुळीसारखी तरंगतात. बरीचशी प्रवाळ गिळतात, काही टँकखालच्या संपमध्ये जातात. पहाटे दिवे उजळू लागले की उरलीसुरली ट्रिगरच्या तोंडी पडतात. आईच्या अंगाला न लागणारा हा मासा तिची पिल्लं मात्र एकेक करून टिपतो. मला आधी ते बघवत नसे. पण समुद्रातही प्लवक म्हणजे पुष्कळसं हेच असतं. ब्लूजॉ काय खातो आणि काय खात नाही, याची रेषा इतकी स्वच्छ मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

कात नीट पडावी म्हणून आयोडिनच्या बाटल्या विकल्या जातात. मी वापरत नाही. चांगल्या मिठाचं पाणी नियमित बदललं की तेवढं पुरतं, आणि मोजता न येणारी वस्तू पाण्यात ओतू नये.

६. झोपायच्या जागा वेगळ्या हव्यात

ट्रिगर दिवसाचा प्राणी आहे, कोळंबीला रात्र आवडते. ही दोघांसाठीही सोय आहे, फक्त बिछाना एक नको. संध्याकाळी ट्रिगर एका ठरलेल्या बिळात शिरतो, पाठीवरचा पहिला काटा उभा करतो, दुसरा काटा त्याला खालून अडसर घालतो, आणि मग त्या माशाला कुणी बाहेर ओढू शकत नाही. त्याच बिळाच्या छताला कोळंबी राहत असेल तर रोज संध्याकाळी धक्काबुक्की होते, आणि कातीच्या रात्री तर ती त्याच्या तोंडासमोरच असते.

म्हणून खडक रचतानाच ट्रिगरसाठी दोन तोंडांची मोठी बिळं एका टोकाला आणि कोळंबीसाठी अरुंद कपारी दुसऱ्या टोकाला ठेवल्या. ट्रिगरचं अंग उंच आणि चपटं असतं. बोटभर उंचीच्या आडव्या फटीत तो शिरूच शकत नाही. खडक नीट बसेना तिथे मी एक इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे दगडाखाली सरकवले. वर्षभरात त्यांच्यावर जांभळं शेवाळ चढतं आणि ते दिसेनासे होतात. प्रत्येक कोळंबीमागे अशा निदान दोन जागा असाव्यात. खडक मात्र पक्के बसवा. ट्रिगर छोटे दगड तोंडाने उचलून हलवतो आणि डगमगता डोंगर त्याच्याच अंगावर येऊ शकतो.

७. भुकेला ट्रिगर ठेवू नका

प्लवक खाणारा मासा दिवसभर थोडं थोडं खातो. त्याला दिवसातून एकदाच मूठभर घालून भागत नाही. आमच्याकडे तीन वेळा खाणं होतं. गोठवलेली मायसिस, चिरलेला शिंपला, बारीक क्रिल, अधूनमधून माशांची अंडी. सुटीवर जाताना यंत्र लावतो, पण शेजारच्या वहिनी एक खेप घालतातच. ट्रिगरला टँकच्या एका टोकाला, प्रवाहात सोडून. कोळंबीला दुसऱ्या टोकाला, चिमट्याने, हातात. दोघांची ताटं वेगळी असली की मधल्या घासावरून झटापट होत नाही. कोळंबी लाजाळू नाही, ती माशाच्या तोंडातला घास ओढायला जाते, आणि चुकीचा चावा बहुधा तिथेच बसतो.

एवढं खाणं घातलं की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. मोठा स्किमर आणि मोठा टँक या माशांसाठी चैन नाही. चार फुटी टँकमध्ये ब्लूजॉची जोडी ठेवू नये, असं मी सरळ सांगते.

८. कोळंबी कोणती

लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेली क्लीनर सगळ्यात भरवशाची. ती उघड्यावर बसते, पांढऱ्या मिशा हलवून गिऱ्हाईक बोलावते, आणि मासे तिला ओळखतात. आमचा नर ब्लूजॉ तिच्यासमोर उभा राहून रंग फिका करतो आणि कल्ले पसरतो. लाल फायर कोळंबी सुंदर, पण बुजरी. दिवसा दिसेल अशी आशा ठेवू नये. पेपरमिंट कोळंबी एप्टेशिया हे त्रासदायक समुद्रफूल खाते म्हणून आणतात. ती लहान आणि अंगाने पारदर्शक असते, तिच्यात धोका जास्त. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोरल बँडेड स्वतःच भांडकुदळ आहे, बाकीच्या कोळंब्यांना तीच मारते. पिस्तूल कोळंबी गोबी माशाबरोबर बिळात राहते. तिचं ट्रिगरला तोंडही दिसत नाही, आणि तिच्या नांगीचा टक् आवाज आपल्याला दिवाणखान्यात ऐकू येतो. आई रत्नागिरीहून आली तेव्हा तिने काचेपाशी बसून विचारलं होतं, ‘ही करंदी एवढी रंगवली कुणी?’ नंतर महिनाभर ती रोज सकाळी तिथेच चहा घेत असे.

भारतातून विचारणाऱ्यांना एक सांगायला हवं. तिथे दगडी प्रवाळ, समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. कुणी समुद्रातून काढलेले प्रवाळ किंवा जिवंत खडक आणून देतो म्हणाला, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. कोरड्या, कृत्रिम खडकावर मासे आणि कोळंबी सुखाने राहतात, आणि वर लिहिलेलं सगळं तिथेही तसंच लागू पडतं.

९. तांबं कधीही नाही

माशांना पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध देतात. कोळंबी असलेल्या टँकमध्ये ते एक थेंबही पडता कामा नये, कोळंबी त्याने मरते. नवीन ट्रिगर वेगळ्या टँकमध्ये क्वारंटाइन करा आणि उपचार तिथेच करा. क्लीनर कोळंबी पांढरे ठिपके बरे करते असा समज आहे, तो सोडून द्या. ती मेलेली कातडी आणि काही परजीवी काढते, रोग हटवत नाही.

१०. मिशांकडे बघत राहा

रोज सकाळी मी आधी कोळंबीच्या मिशा बघते. पूर्ण लांब आहेत ना? एका रात्रीत एखादी अर्धी झाली असेल तर कुणीतरी तोंड घातलेलं आहे. पुढच्या कातीला मिशी परत वाढू लागते, पण तोवर कुणी तोंड घातलं ते शोधायला हवं. दुसरी खूण म्हणजे कोळंबी दुकान बंद करते. रोज उघड्यावर बसणारी दिवसेंदिवस कपारीत राहू लागते, खायला घातलं तरी बाहेर येत नाही. तिसरी खूण ट्रिगरची. तो मधलं पाणी सोडून खडकाजवळ, डोकं खाली करून फिरू लागतो. या तिन्हींपैकी दोन दिसल्या की मी वाट बघत नाही.

११. काढायचा तर ट्रिगर काढा

अशा वेळी पुष्कळजण कोळंबी दुसरीकडे हलवतात. मला ते पटत नाही. एकदा कोळंबीची चव लागलेला ट्रिगर पुढच्या कोळंबीलाही सोडत नाही, आणि मग गोगलगायी, शंखातले खेकडे सगळेच त्याच्या यादीत येतात. त्याला त्याच्या मापाचं घर द्यावं, मोठे मासे असलेलं, कवचाचे प्राणी नसलेलं.

काढताना जाळं वापरू नका. पाठीचा काटा जाळ्यात अडकतो, मासा गुरगुरतो, झटापटीत त्याचे पर फाटतात. पारदर्शक सापळा-पेटी दोन-तीन दिवस उघडी ठेवून त्यातच खायला घाला, तो निर्धास्त आत जाऊ लागला की दार पाडा. बिळात अडकून बसला असेल तर ओढू नका. रात्री तो दगड सुटा करून दगडासकट बादलीत घ्या. हाताशी आलाच, तर पहिल्या काट्यामागचा दुसरा छोटा काटा बोटाने हलकेच दाबा, पहिला आपोआप खाली बसतो. हातमोजे घाला. नंतर त्याच्या नव्या मालकाला तो का काढला ते खरं सांगा, म्हणजे त्या घरात कुणी त्याच्यासमोर कोळंबी आणून ठेवणार नाही.